वच्छलाकाकूंचं चालणं

चालायचं, पण पोचायचं कुठंच नाही, हा प्रकार वच्छलाकाकूंना मुळीच पटला नव्हता. वाशीमच्या माझ्या दवाखान्यात मागच्या खोलीत ट्रेडमिलचं मशीन आहे. त्यावर त्यांचे यजमान नामदेवराव छातीला वायरी लावून, समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून चालत होते. बरोबर आलेल्या माणसांना आम्ही बाहेर बसवतो. पण काकू बाहेर बसायला तयार नव्हत्या. त्यांनी पदर सावरला, वाकून तो सरकणारा काळा पट्टा नीट निरखला आणि मला विचारलं, "म्याडम, हे मशीन जिमिनीले पळवते अन् मानसाले तिथंच ठेवते. याच्यात तुमाले काय समजते?"

मी सांगितलं, की चालताना हृदयाला जास्त काम पडतं. तेव्हा त्याला रक्त पुरतंय की नाही, ते या पडद्यावरच्या आलेखात दिसतं. दर थोड्या वेळानं पट्टा जोरात पळतो आणि पुढून उंच होतो.

"म्हंजे चढ लागते," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "अवो, दांडा सोडा. बैलगाडीचं धुरं धरल्यावानी काहून धरून राह्यले?"

उंच, काटक बाई. साठीच्या आसपासच्या. कपाळावर मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट पाहण्याची सवय. मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावला त्यांची शेती होती. मुलगी लग्न होऊन सासरी, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. घरी ही दोघंच. नामदेवराव स्वभावानं धास्तावलेले. ढेकर आला तरी त्यांना हार्ट अटॅकची शंका यायची आणि ती शंका काकू मोठ्या मायेनं सांभाळायच्या. "जीव हाय थो. भेते बिच्चारा," असं त्या नवऱ्याच्या देखतच म्हणायच्या.

नामदेवरावांची तपासणी अगदी चांगली पार पडली. मी तसं सांगितलं, तर त्यांचा चेहरा जरासा उतरलाच. "नार्मल म्हंजे काईच नाई?" त्यांनी दोनदा विचारलं.

काकूंना मात्र आनंद झाला. नवऱ्यासाठी चहा आणते म्हणून त्या खाली गेल्या. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. जागा घेताना हीच मिळाली, काय करणार! काकू चहा घेऊन जिना चढून आल्या आणि दारातच थांबल्या. एका हातात चहाचा ग्लास, दुसरा हात जबड्यावर दाबलेला. थोड्या वेळानं त्यांनी हात काढला, खोल श्वास घेतला आणि काहीच झालं नाही अशा चालीनं आत आल्या.

"काय झालं, काकू?"

"काई नाई. दाढ."

"तिले दाढेचा तरास हाय," नामदेवराव चहा घेत म्हणाले. "डाक्टरनं काढून टाकली, तरी दुखते."

मी काकूंना खुर्चीवर बसवलं. "काढलेली दाढ कशी दुखेल? कधी दुखते ती?"

"वावरात जातांनी. आमचं वावर टेकडावर हाय. चढ लागला का दोन्ही बाजूनं जबडा धरते. मी जराशीक उभी राह्यतो, का सुटते."

"जेवताना?"

"नाई."

"थंड पाण्यानं?"

"नाई वो. चढावरच. अन् मघा तुमच्या या जिन्यावर. हृदयाचे पेशंट अन् दवाखाना माडीवर, हे काई बरोबर नाई केलं तुमी."

मी हसले, पण मनातून हसू येत नव्हतं. चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं दाढेचं नसतं. हृदयाला रक्त कमी पडलं की सगळ्यांचीच छाती दुखते असं नाही. कुणाचा हात भरून येतो, कुणाचा गळा आवळतो, कुणाचा जबडा दुखतो. बायकांच्या बाबतीत तर असं आडवळणाचं दुखणं पुष्कळदा पाहायला मिळतं. दाढ काढणाऱ्यानं दाढ पाहिली, दाढ किडलेलीही होती, म्हणून काढली. पण दुखणं तिथलं नव्हतंच.

मी लगेच त्यांचा कार्डिओग्राम काढला. तो अगदी स्वच्छ आला. काकू पलंगावरून उठत म्हणाल्या, "पाह्यलं? मले काई नाई."

"काकू, हा तुम्ही निवांत पडल्या असतानाचा आहे. आत्ता दुखत नाहीये, म्हणून यात दिसत नाही."

त्या म्हणाल्या, "हां. बैल इकत घेतांनी थो दावणीले उभा असला तं लंगडा हाय का नाई, कसं समजंन? चालवून पाहा लागते."

ट्रेडमिलवरची ही स्ट्रेस टेस्ट कशासाठी करायची हे मी त्याआधी कितीतरी पेशंटना समजावलं होतं. पण त्या दिवसापासून मी काकूंचा बैलच सांगत आले आहे.

मी काही गोळ्या सुरू करून दिल्या आणि दोन दिवसांनी तपासणीला बोलावलं. काकूंनी खूप वाद घातला. "मी याहिले घेऊन आली, अन् तुमी मलेच चढवता?" असं त्यांचं म्हणणं. पण नामदेवरावांनी त्यांना आणलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना बायकोच्या पुढे चालताना पाहिलं.

आमच्या मंदा सिस्टरनी काकूंच्या छातीवर वायरींची बटणं चिकटवली, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला. साडीत चालता येईल का, अशी मला काळजी होती. काकूंनी ती निंदायला जाताना खोचतात तशी वर खोचली आणि अनवाणी पट्ट्यावर उभ्या राहिल्या. "चालू करा. पाहू तुमची जिमीन किती पळते थे."

पहिला टप्पा त्यांनी बोलत बोलत पार केला. मंदा सिस्टरना त्यांनी माहेर कुठलं विचारलं, तुरीला फुलं कशी आली आहेत ते सांगितलं, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर टीका केली. दुसऱ्या टप्प्यात पट्टा उंच झाला आणि त्यांचं बोलणं कमी झालं. मी पडद्याकडे पाहत होते. आलेखातली जी रेघ सपाट चालायला हवी, ती खाली खचू लागली होती. मी काही बोलण्याआधीच काकूंनी दांडा सोडून हात जबड्यावर नेला.

"आली," त्या म्हणाल्या. "आली, म्याडम, माही दाढ."

मी मशीन थांबवलं. आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर आडवं केलं, जिभेखाली गोळी ठेवली. हळूहळू दुखणं ओसरलं, आणि त्याच्यामागोमाग पडद्यावरची रेघही वर आली. काकूंनी मान वळवून ते सगळं पाहिलं. मी त्यांना आलेखाचा कागद दाखवला. हे चालण्याआधीचं, हे दुखलं तेव्हाचं, हे आत्ताचं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"म्हंजे दाढ उगीच गेली," एवढंच त्या म्हणाल्या.

खरी अडचण पुढे आली. अकोल्याला जाऊन अँजिओग्राफी करायला हवी होती. हृदयाच्या कोणत्या नळीत किती अडथळा आहे ते त्याशिवाय कळणार नव्हतं, आणि इतक्या लवकर, इतक्या थोड्या चढावर आलेख असा बदलणं हे चांगलं लक्षण नव्हतं. काकू ऐकेनात. सोयाबीन काढणीला आलं होतं. मुलीचं बाळंतपण दिवाळीनंतर होतं. "मी तिकडं पडली तं याहिले भाकर कोन देईन? याहिले तं चुलीवरचं दूध उतू गेलं तरी समजत नाई."

नामदेवराव इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते उठून पलंगापाशी आले.

"वच्छले, तू चढावर उभी राह्यत होती. मी मांगून येऊन म्हणो, काहून थांबली, चाल ना. तू म्हणे, दाढ दुखते. मी म्हणो, तुही दाढ रोजच दुखते. सोयाबीन उभं राहू दे वावरात. सडू दे. पण तू अकोल्याले चाल."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं का? याहिले बोलता येते."

त्याच आठवड्यात त्या अकोल्याला गेल्या. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी मोठी नळी सुरुवातीपाशीच फार अरुंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी तिच्यात स्टेंट बसवला. सोयाबीन सडलं नाही. भावकीतल्या लोकांनी काढून, गंजी लावून झाकून ठेवलं. आणि नामदेवरावांनी त्या काळात भाकरी थापायला शिकून घेतलं. "भाकर कायची, पापड म्हना," असं काकू सांगायच्या, पण सांगताना हसू लपत नसे.

दिवाळीनंतर त्या मला भेटायला आल्या. जिना चढून आल्या आणि दारात थांबल्या नाहीत. त्यांना पुन्हा निंदणीला जायचं होतं, डोक्यावर ओझं घ्यायचं होतं, आणि किती काम झेपेल ते मला नीट ठरवायचं होतं. म्हणून मी ट्रेडमिलवर त्यांची पुन्हा एकदा तपासणी केली. या वेळी पहिला टप्पा गेला, दुसरा गेला, तिसऱ्यात त्यांना घाम फुटला, पण रेघ जागची हलली नाही. मी मशीन थांबवायला हात पुढे केला.

"थांबवू नका वो!" काकू ओरडल्या. "आता तं मजा येऊन राह्यली!"

मंदा सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ब्लडप्रेशर मोजता येईना.

त्यानंतर वच्छलाकाकूंनी माझ्यासाठी पेशंट आणायचा सपाटा लावला. दर तपासणीला त्यांच्याबरोबर गावातल्या एकदोन बाया असायच्या. गावात कुणी बाई वाटेत थांबली, कुणी पाण्याची घागर मध्येच खाली ठेवली, की काकू तिला पकडायच्या आणि "चढावर काय होते थे सांग" म्हणून उलटतपासणी घ्यायच्या. एकदा त्यांनी आणलेल्या बाईची दाढ खरोखरच किडलेली निघाली. मी तिला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. काकूंना ते जरा लागलं.

आणखी एकदा त्या आपल्या जावेला, सुभद्राबाईंना घेऊन आल्या. सुभद्राबाईंना चालताना धाप लागायची. ट्रेडमिलवर त्यांचा आलेख बिघडला, म्हणून मी त्यांना अकोल्याला पाठवलं आणि तिथे सगळ्या नळ्या मोकळ्या निघाल्या. त्यांच्या अंगात रक्त फार कमी होतं, धाप त्याची होती. काकू तावातावानं माझ्याकडे आल्या.

"मशीन खोटं बोललं, म्याडम!"

"खोटं नाही बोललं, काकू. त्यानं शंका घेतली. कधी कधी ते चुकतं, बायकांच्या बाबतीत जरा जास्तच चुकतं. म्हणून तर पुढची तपासणी करायची. आणि कधी उलटंही होतं, मशीन ठीक म्हणतं आणि दुखणं असतं. म्हणून मी आधी माणसाचं ऐकते, मग मशीनचं."

काकूंना राग लवकर यायचा आणि तितक्याच लवकर जायचा. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "शंका घेनारं एखांदं मानूस जवळ असलेलं बरं असते. आमच्या घरात हाये ना एक."

पण एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. भर दुपारी त्या शेजारच्या दिगंबरभाऊंना जीपमध्ये घालून घेऊन आल्या. दिगंबरभाऊ घामानं निथळत होते, छातीवर हात होता, चेहरा राखेसारखा. काकू जिन्यावरूनच ओरडत होत्या, "सिस्टर, पट्टा चालू करा! याले चढवा लवकर!"

मी धावत खाली गेले. "काकू, नाही. यांना एक पाऊलही चालवायचं नाही."

"काहून? मले तं चालवलं होतं!"

"तुम्ही बसल्यावर तुमचं दुखणं थांबत होतं. यांचं बसूनही थांबत नाही. आता चालवलं तर जीव जाईल."

जीपच्या मागच्या सीटवरच मी त्यांचा कार्डिओग्राम काढला. अटॅक सुरू होता, त्यात संशय नव्हता. तोंडात गोळ्या दिल्या, सलाईन लावलं, अँब्युलन्स बोलावली आणि अकोल्याच्या डॉक्टरांना फोन करून ठेवला. अँब्युलन्स निघून गेली, तरी काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होत्या.

"मी त्याले मारलंच असतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही त्यांना वेळेवर आणलंत, काकू. तेवढंच महत्त्वाचं होतं."

दिगंबरभाऊ वाचले. आणि काकूंनी तो धडा असा काही मनावर घेतला, की पुढे गावात कुणाला बरं वाटेनासं झालं की त्या आधी दरडावून विचारायच्या, "बसल्यावर थांबते का नाई?" थांबत नसेल तर माणसाला आडवं करून त्या गाडी बोलवायच्या आणि घरच्या लोकांना त्याला उभंही राहू द्यायच्या नाहीत.

मी त्यांना एक गोष्ट नेहमी सांगायचे. स्टेंट बसला म्हणजे काम संपलं नाही, गोळ्या रोज घ्यायच्या आणि रोज चालायचं. गोळ्यांचं त्यांनी लगेच मान्य केलं. चालायच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं की, शेतात काय आम्ही बसून राहतो का? मी म्हटलं, निंदताना वाकून केलेलं काम वेगळं आणि सलग चालणं वेगळं. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. मग पुष्कळ दिवसांनी सुभद्राबाईंकडून कळलं, की काकू रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं नाल्यापर्यंत चालून येतात. आधी एकट्या जायच्या. पारावर बसलेली माणसं हसायची, "काकू, कुठं निंगाल्या?" म्हणून. काकू सांगायच्या, "कुठंच नाई. चालून राह्यली." मग सुभद्राबाई जायला लागल्या. मग तिसरी, मग चौथी. डोक्यावर ओझं नाही, हातात विळा नाही, कडेवर पोर नाही, आणि तरी बाया रस्त्यानं चालल्या आहेत, हे दृश्य गावाला नवीन होतं. काही सासवांनी कुरकुर केली. काकू त्यांच्या घरी जाऊन बसल्या आणि त्यांनाही घेऊन निघाल्या.

मी एकदा विचारलं, "काकू, पहिल्यांदा तुम्ही म्हणाला होतात की पोचायचं नसेल तर चालायचं कशाला. आता?"

त्या लाजल्या. त्यांना लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "म्याडम, खरं सांगू? लगन झाल्यापासून मी रिकाम्या हातानं कधी चाललीच नाई. हात हालवत चालाले लय बरं वाटते वो."

अशी बरीच वर्षं गेली. मुलीचा मुलगा शाळेत जाऊ लागला. पुण्याचा मुलगा आईवडिलांना तिकडे बोलवत होता, पण काकू चार दिवस राहून परत यायच्या. "तिथं चालाले जागा हाये, पण बोलाले बाया नाई," ही त्यांची तक्रार.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी नामदेवरावांचा फोन आला. आवाज शांत होता. "म्याडम, वच्छला गेली. सकाळी उठवाले गेलो तं उठली नाई. कालच्याले चालून आली, जेवली, नातवाशी फोनवर बोलली, अन् झोपली. तिले काई दुखलं नसंन ना?"

"नाही, काका," मी म्हटलं. "असं झोपेत जाणाऱ्याला दुखत नाही." डॉक्टर म्हणून याहून जास्त खात्रीनं मला काही सांगता आलं नसतं, आणि त्यांना याहून जास्त काही ऐकायचंही नव्हतं.

तेरवीला मी आणि मंदा सिस्टर आसेगावला गेलो. अंगणात मांडव होता, जेवणं आटोपली होती, पाहुणे एकेक करून निघत होते. मुलगा आणि मुलगी सगळ्यांना निरोप देत होते. नामदेवराव ओट्यावर बसले होते. ऊन कलायला लागलं तशा गावातल्या बाया अंगणाच्या कडेला जमल्या. मी त्यांतल्या बऱ्याच जणींना ओळखत होते. काकूंनीच त्यांना माझ्याकडे आणलं होतं. त्या आपसांत हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. सुभद्राबाई मध्ये उभ्या होत्या. त्यांच्या चालायच्या वेळेला त्या जमल्या होत्या, पण आज जावं की नाही, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं. तेरवीच्या दिवशी रस्त्यानं हात हालवत जाणं बरं दिसेल का?

नामदेवरावांच्या ते लक्षात आलं. ते ओट्यावरून उठले, अंगणात आले आणि सुभद्राबाईंना म्हणाले, "काहून उभ्या राह्यल्या? उशीर होऊन राह्यला. जा ना."

"भाऊजी, आजच्या दिवस..."

"आजच जा," ते म्हणाले. "मी फाटकापर्यंत येतो."

ते आमच्याबरोबर अंगणाच्या फाटकापर्यंत आले. मी चांगल्या चपला घालून गेले होते. त्या हातात घेतल्या आणि बायांच्या मागोमाग निघाले. मंदा सिस्टरही निघाल्या. पाराजवळ बसलेल्या माणसांनी आम्हाला पाहिलं आणि कुणीच काही विचारलं नाही. एकानं टोपी काढली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, शेंगांनी वाकलेल्या. सुरुवातीला सगळ्या गप्प होत्या. मग कुणीतरी म्हणालं की यंदा दाणा चांगला भरला. कुणीतरी म्हणालं, आमच्याकडचा नाही भरला. त्यावर सुभद्राबाई काहीतरी बोलल्या आणि दोघीतिघी हसल्या. हसल्यावर थोड्या चपापल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या. पायाखाली माती अजून दिवसभराच्या उन्हानं कोमट होती. नाल्यापर्यंत पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. बाया वळल्या. मी त्यांच्याबरोबर वळले.